तक्रार केल्याने कंपनी आपला माल बदलते का?

प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या एका कास्तकार भावाचा आहे. त्यांच्या वावरात पाच एचपीचा सौर पंप आहे. दोन उन्हाळ्यांत त्याचा कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज पंपाला जुळवून देणारा डबा, चारदा बंद पडला. दरवेळी त्यांनी फोन केला, दरवेळी "आपली तक्रार नोंदवली आहे" असा मेसेज आला, माणूस येऊन पाहून गेला आणि मे उजाडला की पुन्हा तेच. ते विचारतात, आपल्या तक्रारीने कंपनी आपला माल बदलते का, की तक्रार नुसती ऐकून घेतात? मोबाइलमधल्या अ‍ॅपबद्दलही त्यांना हेच विचारायचं आहे.

भाऊ, बदलते. पण पुढच्या वर्षीचा कंट्रोलर कसा असावा हे जो ठरवतो, त्याच्या कानावर तुमचा फोन कधीच जात नाही. त्याच्या टेबलावर महिन्याकाठी एक तक्ता येतो: मॉडेल कोणतं, बॅच कोणती, दोष कोणता, किती नगांत आला, दुरुस्तीवर किती पैसा गेला. त्यातल्या वरच्या पाच-सात ओळींवर काम होतं, खालच्या ओळी पुढच्या महिन्यावर जातात. तुमचा दोष वरच्या ओळींत यायचा असेल तर तुमची आणि तुमच्यासारख्या इतरांची तक्रार एकाच नावाने, एकाच रकान्यात पडली पाहिजे. खेड्यातली तक्रार नेमकी इथेच गळते. कंपनी वाईट असते म्हणूनच असं होतं असं नाही. चांगल्या कंपनीतही होतं, कारण तक्त्यात जे नाही ते तिला दिसत नाही.

पहिली गळती बाजाराच्या गावी होते. हरभऱ्याला किंवा संत्र्याला पाणी द्यायचं आहे आणि कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार म्हणतो. मग तालुक्याचा मिस्त्री येतो, फ्यूज किंवा कपॅसिटर बदलतो आणि पंप चालू करतो. पिकाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. पण कंपनीच्या तक्त्यात त्या दिवशी तुमच्या गावातून शून्य तक्रार गेली. दहा गावांनी असंच केलं तर तिथले इंजिनिअर प्रामाणिकपणे मानतात की हे मॉडेल विदर्भात छान चाललं आहे. वॉरंटीतल्या कंट्रोलरचं सील मिस्त्रीने तोडलं की पुढचा खर्चही तुमच्याच अंगावर येतो. म्हणून आधी तक्रार क्रमांक घ्या, स्क्रीनचा फोटो काढा आणि वॉरंटी असेपर्यंत सील उघडू देऊ नका. वॉरंटी संपलेली असेल तर दुरुस्ती खुशाल बाहेर करा, पण तक्रार क्रमांक तरीही घ्या. फुकट दुरुस्ती मिळाली नाही तरी त्या क्रमांकाची मोजणी होते.

दुसरी गळती तक्रार बंद करताना होते. बऱ्याच कंपन्यांत सर्व्हिसवाल्याने काम संपल्यावर ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की तक्रार "सुटली" म्हणून बंद होते. तो संध्याकाळी पाचला येतो. तोवर ऊन उतरलेलं असतं, कंट्रोलर थंड झालेला असतो, बटण दाबताच पंप चालू होतो. तो लिहितो, "दोष आढळला नाही", तुम्ही ओटीपी देता आणि तक्रार संपते. खरं तर तिचं मोल तिथे उलटं झालं, कारण आता तक्त्यात या नगावर निर्दोष असल्याचा शिक्का पडला. ओटीपी म्हणजे तुमची सही समजा. जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिसवाल्याच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, दोषाचा कोड, तो केव्हा येतो ती वेळ आणि "आता थंड असताना चालू आहे, दुपारी बंद पडतो असे ग्राहकाचे म्हणणे" हे वाक्य लिहून घेतल्याशिवाय तो देऊ नका. भांडायचं कारण नाही. तो पोरगा दिवसाला सात-आठ गावं फिरतो आणि बंद केलेल्या तक्रारींवर त्याचं काम मोजलं जातं. त्याला चहा पाजा, जॉबकार्ड मात्र पूर्ण भरून घ्या आणि त्याचा फोटो ठेवा.

तिसरी गळती चुकीच्या रकान्याची. कॉल सेंटरला बसलेल्या मुलीसमोर यादी असते: वीज किंवा नेटवर्कची अडचण, ग्राहकाची हाताळणी, बसवणीतला दोष, उत्पादनाचा दोष. तुम्ही "पंप चालत नाही, लवकर माणूस पाठवा" एवढंच सांगितलं तर ती सोयीचा रकाना निवडते. पहिल्या तीन रकान्यांतली तक्रार माल घडवणाऱ्यांकडे जात नाही, ती सर्व्हिस खात्यात फिरून परत येते. फक्त चौथा रकाना पुढे जातो. आपली तक्रार चौथ्या रकान्यात टाकायला समोरच्याला भाग पाडणं, एवढंच काम ग्राहकाच्या हातात असतं आणि ते नीट करता येतं.

त्यासाठी आधी आपली बाजू तपासून घ्या, नाहीतर येणारा माणूस तेच कारण लिहून जाईल. पॅनलवर धूळ साचली आहे का? कापसाच्या वेचणीनंतर आणि गहू-हरभरा काढताना ती फार बसते. पॅनल सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवा, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. धुऱ्यावरच्या बाभळीची सावली दुपारनंतर एखाद्या पॅनलवर पडते का? केबलचे जोड उंदरांनी कुरतडले का? अर्थिंगचं पाहा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. पहिल्या वळवाच्या विजांत कंट्रोलर जळण्याचं ते एक मोठं कारण आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात पाणी टाकत राहा.

बोअरचं पाणी खाली गेल्यामुळे पंप थांबत असेल तर तो दोष नाही, संरक्षण आहे. स्क्रीनवर बहुधा "ड्राय रन" असं येतं. हे आणि उष्णतेने बंद पडणं यांत फरक करायला वेळ पाहावी. ड्राय रनमध्ये पंप सकाळी आठलाही थोडं पाणी ओढून थांबतो आणि बोअर भरला की पुन्हा चालतो. उष्णतेचं बंद पडणं साधारण अकरा-साडेअकरानंतर सुरू होतं आणि ऊन कलल्यावर आपोआप सुटतं. स्क्रीनवर तापमानाचा कोड येतो, त्याचा अर्थ पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असतो.

चारही वेळा उन्हाळ्यातच बंद पडला म्हणता, म्हणजे उष्णतेचा संशय सगळ्यात मोठा. कंट्रोलरच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत तो किती अंश तापमानापर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याचा डबा थेट उन्हात असेल तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते, त्यात कंट्रोलर स्वतः सोडतो ती उष्णता वेगळी. आत बसलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणजे कंट्रोलर दुपारी नुसता थांबत नाही, प्रत्येक उन्हाळ्यात म्हाताराही होत जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कपॅसिटर फुगतो. हे कंपनीच्या इंजिनिअरला माहीत असतं. त्याला माहीत नसतं ते एवढंच की त्याचा डबा तुमच्या वावरात नेमका किती तापतो. तो आकडा तुम्ही द्यायचा. भिंतीवर टांगतात तसं साधं तापमापक कंट्रोलरच्या शेजारी सावलीत टांगा आणि दुपारी १२, २ आणि ४ वाजता वाचा.

डब्यावर ओलं पोतं टाकू नका. बरेच जण टाकतात. त्याने मागच्या पंख्यांची हवा अडते, ओल आत जाते, आणि त्या पोत्याचा फोटो सर्व्हिसवाल्याच्या मोबाइलमध्ये गेला की तुमची तक्रार "ग्राहकाची हाताळणी" या रकान्यात कायमची बसली. डबा पॅनलच्या खाली, उत्तरेच्या बाजूला, चारी बाजूंनी हवा खेळेल असा सरकवून द्या अशी मागणी लेखी करा.

आता वही. शाळेची दोन रेघी वही चालते. तारीख, बंद पडल्याची वेळ, पुन्हा चालू झाल्याची वेळ, स्क्रीनवरचा कोड, शेजारचं तापमान, आभाळ कसं होतं. सात दिवसांच्या सलग नोंदी पुरेशा आहेत, महिनाभराच्या असतील तर फारच चांगलं. रोज एक फोटो असा काढा की स्क्रीनवरचा कोड आणि वेळ दोन्ही दिसतील. सरकारी योजनेतल्या बहुतेक पंपांच्या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड असतं आणि चालू-बंदची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते, दुरून लक्ष ठेवण्याच्या या व्यवस्थेला आरएमएस म्हणतात. तक्रारीत स्पष्ट लिहा की अमुक ते अमुक तारखेचा आरएमएसचा लॉग (नोंदवही) पाहावा. वावरात नेटवर्क नसेल तर तो लॉग अर्धवट असतो आणि मग तुमची वही हाच एकमेव पुरावा उरतो.

मग तक्रार अशी लिहायची:

"कंट्रोलर मॉडेल (पाटीवरून), सिरियल क्रमांक (पाटीवरून), बसवल्याची तारीख. पंप ५ एचपी, बोअरची खोली अमुक फूट. १४ ते २१ मे या आठ दिवसांत सहा दिवस पंप ११:३० ते १२:१५ च्या दरम्यान बंद पडला. स्क्रीनवर दरवेळी एकच कोड (फोटो जोडले आहेत). कंट्रोलरशेजारी सावलीत तापमान ४६ ते ४८ अंश. ४ नंतर आपोआप चालू. सकाळी ७ ते ११ पाणी व्यवस्थित येते, म्हणून बोअर कोरडा नाही. पॅनल १३ मे रोजी धुतले, सावली नाही, अर्थिंग तपासले. मागील चार तक्रारींचे क्रमांक अमुक, चारही वेळा संध्याकाळी तपासणी करून 'दोष आढळला नाही' असे लिहिले. विनंती: तपासणी दुपारी १२ ते ३ या वेळेत करावी, आणि हा तापमानाशी संबंधित उत्पादनदोष म्हणून नोंदवावा."

शेवटची ओळ सोडू नका. रकाना कोणता तो तुम्ही सुचवलात की लिहिणाऱ्याला दुसरा निवडायला कारण शोधावं लागतं. आणि मधली ती "बोअर कोरडा नाही, पॅनल धुतले" ही वाक्यं म्हणजे पहिले तीन रकाने तुम्ही आधीच बुजवून टाकलेत. संताप, नुकसानीचं वर्णन, पुढाऱ्याची ओळख यातलं काही त्यात नको. नुकसानभरपाई मागायची तर वेगळा अर्ज करा, कारण तो वेगळ्या खात्यात जातो आणि दोन्ही एकत्र केले की कागद सरळ वकिलाकडे जातो, इंजिनिअरकडे पोचतच नाही.

आता कंपनीच्या आत काय होतं ते सांगतो, म्हणजे वाट कुठवर पाहायची ते कळेल. समजा तुमच्या गावाला एक माणूस पाठवायला कंपनीला १,५०० रुपये पडतात आणि एका उन्हाळ्यात तीन खेपा झाल्या. एका नगावर ४,५०० गेले. आत मोठा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि बरा पंखा बसवायला समजा ४०० रुपये लागतात. असे दहा-वीस नगच तक्त्यात असतील तर कुणी हात लावणार नाही, कारण ते ४०० रुपये प्रत्येक नव्या नगावर घालावे लागतात. शेकडो नग एकाच कोडखाली दिसले की हिशेब उलटतो आणि बदल मंजूर होतो. मालावरचे बहुतेक निर्णय या एका गणितावर होतात. तुमची तक्रार त्या गणितातली एक ओळ वाढवते.

काळही वेगवेगळा लागतो. सर्व्हरवरची एखादी मर्यादा बदलायची तर काही दिवसांत होतं. अ‍ॅपमधली चूक काही आठवड्यांत. कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, बदलायला काही महिने, आणि ते तुमच्या नगात टाकायला माणूस यावा लागतो. आतली सर्किटची पाटी किंवा डब्याचा साचा बदलायचा तर वर्षभर धरा, आणि तो बदल नव्या ग्राहकाला मिळतो, तुम्हाला नाही. म्हणून मागणी करताना दोन भाग करा: माझ्या नगाला आत्ता काय कराल, आणि पुढच्या मालात काय कराल. पहिल्या भागात जागा बदलणं, पंखा बसवणं, फर्मवेअर टाकणं हे मागता येतं.

मोठ्या कंपन्यांतही हेच घडलेलं आहे. अ‍ॅपलने २०१५ मध्ये लॅपटॉपला फार पातळ कीबोर्ड दिला. त्यात बारीक धूळ गेली की कळ अडकायची किंवा एकदा दाबली तर दोनदा उमटायची. तक्रारी येत राहिल्या. जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना काढली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॉडेलपासून जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आणायला सुरुवात केली. चार वर्षं गेली. वेग कुठून आला ते पाहा: मोफत दुरुस्ती सुरू झाल्यावर प्रत्येक अडकलेली कळ कंपनीच्या खर्चात पडू लागली, आणि अमेरिकेत सामूहिक दावा उभा राहिला, ज्यात पुढे ५ कोटी डॉलर देण्याचं कंपनीने मान्य केलं.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं होतं. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये अख्खा मेनू परत आला. कारण कार्यालयं नवी आवृत्ती घ्यायलाच तयार नव्हती. उलट उदाहरणंही आहेत. २०१६ मध्ये आयफोनमधून हेडफोनचं छिद्र गेलं, जगभर ओरड झाली, ते परत आलं नाही, कारण ओरडणाऱ्यांनी फोन घेणं थांबवलं नाही. गुगलने जुलै २०१३ मध्ये आपली रीडर सेवा (अनेक संकेतस्थळांवरचं नवं लिखाण एका जागी वाचायची सोय) बंद केली तेव्हा लोकांनी सह्यांच्या मोहिमा केल्या, तरी ती बंदच राहिली, कारण कंपनीला त्या सेवेत पुढे पैसा घालायचा नव्हता. तक्रारीने दोष दुरुस्त होतो, एखादी सोय परत येते. ज्या मालातून कंपनीला बाहेरच पडायचं आहे, तो तक्रारीने वाचत नाही. आपली तक्रार यातल्या कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखलं तर बरेच खेटे वाचतात.

कंपनीचा खर्च आणि खप यांच्या पलीकडची तिसरी वाट नियमाची आहे आणि खेड्यातल्या माणसाला ती सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. मोबाइलचा महिना २८ दिवसांचा होता तेव्हा वर्षाला १३ रिचार्ज पडायचे. कंपन्यांना त्यात फायदा होता, त्यांच्याकडे तक्रार करून उपयोग नव्हता. लोकांची गाऱ्हाणी ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरण्याचा ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम आला: फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला व्हाउचर ठेवलाच पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. बटणाचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या आई-बाबांना डेटाचे पैसे भरावे लागू नयेत यासाठी हा नियम आहे. दुकानदार हा प्लॅन आपणहून दाखवत नाही, मागून घ्या.

आपल्याकडच्या स्मार्ट मीटरचं उदाहरण यात मिसळू नका, ते वेगळं आहे. जून २०२४ मध्ये विरोध वाढल्यावर तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकाकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं जाहीर केलं. नंतर टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारे) नावाने पोस्टपेड स्मार्ट मीटर आले. म्हणजे लोकांना सगळ्यात जास्त खुपणारी प्रीपेडची अट गेली, मीटर बदलण्याचं काम राहिलं. पुष्कळदा एवढंच मिळतं, आणि ते थोडं नसतं.

अ‍ॅपचं सांगतो. सरकारी अ‍ॅपही तक्रारीने बदलतं. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली तेव्हा चुकीचं पीक नोंदलं गेलं की ते सुधारणं जिकिरीचं होतं. २०२२ च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांत शेतकऱ्यालाच दुरुस्ती करता येऊ लागली. खासगी अ‍ॅपच्या बाबतीत हुकमाचं पान प्ले स्टोअर आहे. तिथे अभिप्राय लिहिला की अ‍ॅप बनवणाऱ्याला त्यासोबत तुमच्या फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि अ‍ॅपची आवृत्तीही दिसू शकते. म्हणून ते पुन्हा लिहिण्यात जागा घालवू नका. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढंच लिहा: "बोटाने सातबारा निवडला, पुढे दाबलं, पांढरी स्क्रीन आली, अ‍ॅप बंद झालं. चार वेळा तसंच. बाजाराच्या गावी वायफायवरही तसंच." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण त्याने नेटवर्कचा रकाना बाद होतो. "बेकार अ‍ॅप" लिहून एक तारा दिला तर सरासरी किंचित घटते, दुरुस्ती होत नाही.

त्याहून मोठी गोष्ट वापरणाऱ्यांना सहसा माहीत नसते. अ‍ॅप मध्येच बंद पडलं की फोनमधून त्याचा अहवाल गुगलकडे जाऊ शकतो, त्यासाठी सेटिंगमध्ये वापर आणि निदानाची माहिती पाठवण्याची सोय चालू ठेवावी लागते. दिवसभरात वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांना अ‍ॅप बंद पडल्याचा अनुभव आला, किंवा एखाद्या फोनच्या मॉडेलवर हे प्रमाण ८ टक्क्यांवर गेलं, तर प्ले स्टोअर त्या अ‍ॅपला मागे ढकलू शकतं. हा ८ टक्क्यांचा नियम तुमच्या बाजूचा आहे. गावात पन्नास जणांकडे एकाच स्वस्त मॉडेलचा फोन असेल आणि त्या सगळ्यांवर अ‍ॅप पडत असेल, तर पुण्या-बंगळुरूच्या महागड्या फोनवर ते कितीही छान चालो, तो दोष वेगळा उठून दिसतो. म्हणून अ‍ॅप काढून टाकण्याआधी ती सोय चालू करून दोन-तीनदा पडू द्या. दुरुस्ती आल्यावर आपला जुना अभिप्राय बदला. तो बदललेला अभिप्राय कंपनीतला माणूस आपल्या वरिष्ठाला दाखवतो, आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे आधी लक्ष जातं.

यूपीआयने पैसे कापले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत तर अ‍ॅपमधूनच तक्रार करा, बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत आले नाहीत तर पुढे दररोज १०० रुपये बँकेने आपणहून द्यायचे असतात. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मोबाइल नेटवर्कची तक्रार १९८ वर, डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नंबर) घेऊन. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जायचं, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो.

परत तुमच्या पंपाकडे. एकट्याने पाच तक्रारी करण्यापेक्षा त्याच मॉडेलचे पाच कास्तकार शोधा. तालुक्यातल्या कृषी केंद्रात, बाजाराच्या दिवशी, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात विचारा. प्रत्येकाने आपल्या नावाने, आपल्या सिरियल क्रमांकावर वेगळी तक्रार करायची आणि सगळ्यांनी दोषाचं नाव एकच वापरायचं. एकाच फोनवरून "आमच्या गावात सगळ्यांचे बंद आहेत" सांगितलं तर तक्त्यात ती एकच तक्रार होते. क्रमांक मिळाले की सगळे क्रमांक लिहिलेलं एक संयुक्त पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. पंप सरकारी योजनेतून आला असेल तर त्याची प्रत योजना राबवणाऱ्या कार्यालयालाही द्या. कंपन्यांची पुढची कामं तिथूनच मिळतात, म्हणून त्या प्रतीचं वजन मोठं असतं.

महिनाभरात काही हललं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येतं. बऱ्याच कंपन्या या व्यवस्थेला थेट जोडलेल्या आहेत आणि तक्रार त्यांच्या वरच्या खात्यात जाते. तिथल्या आकड्यांकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण लक्ष ठेवतं. ओला इलेक्ट्रिक या विजेच्या स्कूटरच्या कंपनीला या प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटीस दिली ती वर्षभरात हेल्पलाइनवर आलेल्या १०,६४४ तक्रारींच्या आधारावर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात या प्राधिकरणाला सदोष माल परत मागवायला लावण्याचा अधिकार आहे, आणि कलम १७ प्रमाणे अनेक ग्राहकांच्या हिताला बाधा आणणाऱ्या प्रकाराची तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही, वाशीमच्या कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन पोच घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो. ५ लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. शेतकरी हा ग्राहकच नाही, तो धंदा करतो, असं कुणी सांगितलं तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या निकालात शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे हे सांगा. पण आयोगाचा निकाल तुमच्या नुकसानीपुरता असतो. त्याने तुम्हाला पैसे मिळतील, पुढचा कंट्रोलर बदलेलच असं नाही. मालात बदल हवा असेल तर त्या पाच जणांच्या पाच क्रमांकांचा रस्ता जास्त कामाचा आहे, दोन्ही एकावेळी चालवता येतात.

एक शेवटचं काम, आणि हे बहुतेक जण विसरतात. बंद पडलेला कंट्रोलर बदलून देताना कंपनी जुना परत नेते. तो नेण्याआधी सिरियल क्रमांकाच्या पाटीचा फोटो काढा, डब्यावर कायम राहणाऱ्या शाईने तक्रार क्रमांक आणि "दुपारी उष्णतेने बंद" असं लिहा, आणि दिल्याची पोच घ्या. तो डबा कारखान्याच्या तपासणीच्या टेबलावर जातो, आणि तिथे वातानुकूलित खोलीत तो व्यवस्थित चालू होतो. डब्यावर ती ओळ असेल तर तपासणारा त्याला गरम पेटीत घालून पाहील.